जाळ्यावर बसून भांडायचं नसते

बोरीगुडा, आलापल्लीच्या पलीकडे
२७ ऑक्टोबर १९५७

ती. आजीस,
रंभाचा साष्टांग नमस्कार.

मी येथे सुखरूप पोहोचले. शाळा म्हणजे एक लांब पडवी, वर गवताचं छप्पर आणि समोर मोहाचं झाड. मुलं सगळी गोंडांची आहेत. फार शांत आहेत. मी शिकवते, ती बसून राहतात. कोणी दंगा करत नाही, कोणी उलट बोलत नाही. प्रशिक्षण शाळेतल्या बाई म्हणायच्या की शांत वर्ग हा शिक्षिकेचा दागिना. तेव्हा दागिना मला मिळाला आहे असं समज.

पुढचं फक्त तुझ्यासाठी. डोमाकाकाला वाचून दाखवू नकोस.

सकाळी उठल्यापासून गळ्यात माशाचा काटा अडकल्यासारखं होतं. काटा नाही हे मला ठाऊक आहे, तरी गिळवत नाही. हाताला इतका घाम येतो की खडू ओला होतो आणि फळ्यावर उमटत नाही. झोप लागत नाही. पौषात तपासणी आहे. मागे प्रशिक्षण शाळेत तपासणीचे साहेब वर्गात आले तेव्हा माझ्या तोंडून माझं नावसुद्धा निघालं नव्हतं, तुला माहीत आहे. तेव्हा बाईंनी सांभाळून घेतलं. इथे मी एकटी. शेरा वाईट पडला तर नेमणूक जाईल. इथे यायच्या आधीच काकाने पत्रात तेच लिहिलं होतं, की नेमणूक गेली की मूल गावचे पाहुणे लग्नाच्या होकाराची वाट पाहतच आहेत, मुलगा चांगला आहे, उगीच जंगलात कशाला मरतेस.

मी दिवसभर स्वतःला सांगते की घाबरू नको, मूर्ख आहेस, नेभळट आहेस. त्याने आणखीच गळा आवळतो. मला वेड लागतंय का, आजी?

तुझी,
रंभा

*

सावरटोला, नागभीडपाशी
कार्तिकी पुनव झाली, शिंगाडे काढून राह्यलो

रंभी मास्तरणीले तिच्या आजीचा म्हणजे या गोकुळाचा आशीर्वाद. तुझ्या शाळेले बी आशीर्वाद, अन् त्या मोहाच्या झाडाले बी. फुलं पडतील तवा तुझे पोट्टे शाळेत थांबणार नाईत, म्हणून त्या झाडाची मर्जी आतापासूनच सांभाळ.

पाह्य, हे पत्र मी माझ्याच हातानं लिहून राह्यली. तू तलावाच्या पारीवर रेतीत काडीनं जे शिकवलं ते सारं याद आहे. फक्त ‘ळ’ अजून वाकडा येते. तो आला की मी थांबते, त्याले दोन्हीकडून गोल करते, अन् पुढं निंघते. घरात सारे म्हणतात बुढी एका पत्राले तीन दिवस लावते. लावते! माझं पत्र आहे, माझे दिवस आहेत, कोणाच्या घरचे आणले नाईत.

तुझं पत्र मी एकटीनं वाचलं. डोमा विचारे, काय लिहिलं पोट्टीनं? म्हटलं, लिहिलं की शाळेसमोर मोहाचं झाड आहे. म्हणे, बस एवढंच? म्हटलं, मोठं झाड आहे.

आता एक गोष्ट माझ्या डोक्यात काही बसत नाई. तू म्हणते पोट्टे गप बसतात. वर्गभर पोट्टे अन् गप? आपल्या घरी तुझ्या काकाचे मोजून तीन आहेत, तर कोंबड्या घरात यायले भेतात. पोट्टे गप असले म्हणजे त्याईले ताप तरी असते नाईतर भेव तरी. दागिना असन तर असो, पण तुझ्या बाईले म्हणा, असा दागिना मले नोको.

वेड बिड काही लागलं नाई तुले. हे मले बी झालं होतं, सारंच्या सारं, फक्त काटा गळ्यात नोयता, छातीत होता. त्याचा इलाज आहे. सोबत पार्सल धाडून राह्यली. नागभीडले पोस्टात नेलं तर तिथला मनसाराम बाबू नाकाले धोतर लावून म्हणे, "बाई, हे काय होय? वास येते." म्हटलं, "बाबू, वास नोहे तो. पत्ता होय. पोट्टी उघडायच्या आधीच ओळखन कुठून आलं." तो हासला, पण पार्सल दूरच्या कोनाड्यात ठेवलं. तिकिटं मात्र बरोबर लावली, माणूस चांगला आहे, त्याच्या बायकोले आपले झिंगे आवडतात, पुढच्या बाजाराले नेऊन देईन.

पार्सलात तुझ्या आबाजीचं जाळं आहे. उंदरानं अन् माझ्या आळसानं मिळून त्याचा पुरा गोळा झाला. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी बसून थोडं थोडं सोडवत जा. कैची लावू नोको. हे कायले, तर त्याचं असं आहे की

कागद संपला.

*

बोरीगुडा
२० नोव्हेंबर १९५७

आजी,

पार्सल मिळालं. लाकडं नेणाऱ्या ट्रकवाल्याने आणून शाळेच्या पायरीवर टाकलं आणि सगळं गाव वास घेत भोवती उभं राहिलं. त्यांच्यासमोर मी ते उघडलं. मला वाटलं चिवडा असेल.

कळलं मला तुला काय म्हणायचं आहे. कागद संपला तरी कळलं. पाटी ठेव आणि जाळं धर, हेच ना? ढिवराची पोर, ढिवराच्या घरी परत ये. काकाने तुझ्याकडून हे करवून घेतलं का? त्याला सांग, त्याने स्वतः लिहायचं होतं. तुझ्या हातून लिहून घेतलं याचं मला जास्त लागलं. ती अक्षरं मी तुला यासाठी शिकवली नव्हती.

मी ते सोडवायला बसले होते, खोटं नाही सांगत. दोन दिवस बसले. एक गाठ सुटली की दुसरीकडे आवळायची. तिसऱ्या दिवशी मला इतका संताप आला की कैची घेतली आणि मधोमध कापलं. दोन तुकडे केले. आबाजीचं जाळं होतं, माहीत आहे. तरी कापलं.

मी येणार नाही. मूलला जाणार नाही. नेमणूक गेली तर उन्हाळ्यात इथल्या बायकांबरोबर तेंदूची पानं तोडीन, पण परत येणार नाही. रागावायचं तर रागाव.

रंभा

*

सावरटोला
मार्गेसर लागला, धान कापणी चालू

रंभे वो माय,

तुझं पत्र वाचून मले नाचावं वाटलं. खरंच उठून दोन पावलं टाकली बी, मंग गुडघा बोलला तवा बसली. काय कडक लिहिलं! "मी येणार नाही." असं ठेचून लिहिलं की त्या जाग्यावर कागद मागून उमटला. जे पोट्टी अशी लिहिते तिच्या गळ्यात काटा कसा राह्यन? तिच्या पोटात तर वाघीण बसली आहे, नुसती झोपून राह्यली.

आता आईक. चूक माझी. कागद संपला तवा दुसरा घ्यायचा होता, पण धान कापणारणी बोलवायले आल्या, मी पाकिटाले डिंक लावला अन् पळाली. डोमानं मले काही सांगितलं नाई. डोमा मले काही सांगाले भेते.

जाळं कापलं? कापलं तर कापलं. तुझ्या आबाजीनं बी एकदा दातानं धरून तोडलं होतं, मरळ सुटली म्हणून. जाळं आहे, कोणाची मान नोहे. तुकडे फेकले नसन तर उचल. फेकले असन तर धुंडाळ.

जे लिहायचं राह्यलं ते आता लिहिते. चार कागद घेऊन बसली आहे.

तुझे आबाजी गेले तवा डोमा कडेवर होता अन् तुझा बाप हात धरून चालत होता. माझ्या छातीत दिवसभर असं धडधड व्हाये जसं कोणी दार ठोकून राह्यलं. पाण्याकडे पाहवत नोयतं. माझी सासू गुणाबाई, तुले आठवत नसन, बोलाची लई कमी होती. तिनं मले घरापुढच्या सपरीत बसवलं, जाळं मांडीवर टाकलं, अन् आपण बी बाजूले बसली. म्हणे, सोडव. मी सोडवू लागली. हात गाठीवर अन् डोकं दुसरीकडेच. मनात मी मलेच शिव्या देऊन राह्यली होती, का मी अशी, मी तशी, मी पांढऱ्या पायाची. तोंडातून हूं का चूं नाई. तरी तिले कसं समजलं काय जाणे. माझ्या हातावर हात ठेवून म्हणे,

"कोणाशी भांडून राह्यली?"

म्हटलं, "कोणाशीच नाई."

म्हणे, "आपल्याशीच भांडत असशीन तरी खाली उतर. जाळ्यावर बसून भांडायचं नसते."

तुले तर माहीत आहे आपल्यातली रीत. जाळं पसरलं असन तर त्यावर बसून, उभं राहून, कोणी कोणाले शिवी देत नाई, रागवत नाई. भांडायचं तर आधी बाजूले व्हायचं, मंग खुशाल भांडायचं. लहानपणापासून आपण पाळतो. पण आपल्याच डोक्यात आपण आपल्याले झोडपत असलो तर ते बी भांडणच होय, हे मले त्या दिवशी समजलं. मी जाळ्यावरून उतरली, घरामागच्या सांदवाडीत गेली, मनसोक्त स्वतःले शिव्या दिल्या, थकली, परत येऊन बसली. असं दिवसातून किती वेळा व्हाये. सासू काही म्हणे नाई. हळूहळू मले उठून जायचा कंटाळा येऊ लागला. म्हटलं जाऊ दे, बसूनच राह्यते, शिव्या मंग पाहू.

तर तू असं कर. सकाळी तुकडा मांडीवर घे. आधी नुसतं पाह्य, कुठी काय आहे. ओढू नोको. श्वास बी ओढू नोको, जसा येते तसा येऊ दे, जाते तसा जाऊ दे. बोटाखाली एक गाठ धर. मन जाईन साहेबाकडे. जाईनच, मन काय दावणीची म्हैस आहे? गेलं असं समजलं की परत गाठीवर आण, पण हाका मारून नाई, ढेकळं मारून नाई. आपलं लेकरू खेळता खेळता दूर गेलं तर कसं बोटाले धरून आणतो, तसं. अन् गळ्यातल्या काट्याले बी म्हणजो, आला का बाबा, बस. त्याले काढाले जाऊ नोको. पाहुणा आहे, कटाळून जाईन.

स्वतःले नेभळट म्हणायचं असन तर जाळं बाजूले ठेव, पडवीच्या खाली उतर, तिथी म्हण. मी हे हासण्यावारी सांगत नाई. करून पाह्य.

अन् त्या गप पोट्ट्याईचं मले लिहून धाड.

तुझी आजी

*

बोरीगुडा
१५ डिसेंबर १९५७

प्रिय आजी,

तुकडे फेकले नव्हते. खाटेखाली होते. तू ओळखलंच असशील.

तू सांगितलं तसं करून पाहिलं. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही, उलट दिवसातून इतक्या वेळा पडवी उतरून खाली जावं लागलं की गावातला कोतवाल लालसू, त्याला मराठी येते, काळजीने विचारायला आला, "बाई, पोट बिघडलं काय?" मी त्याला कसं सांगू की मी स्वतःला शिव्या द्यायला जाते?

मग एका सकाळी खाली उतरले आणि मोहाखाली उभी राहिले तर शिवी आठवेना. नेहमीच्या सगळ्या एकदम शिळ्या वाटल्या. मी तशीच परत येऊन बसले. काटा होता गळ्यात. पण गाठ पण होती हातात. दोन्ही एकाच वेळी राहू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

पुढची गोष्ट ऐक. सोमारी नावाची एक पोरगी आहे, नऊ-दहा वर्षांची, केसांत लाकडाची फणी. ती रोज लांबून पाहायची. त्या दिवशी येऊन बसली आणि न विचारता दुसरा तुकडा ओढून घेतला. तिच्या मागे बाकीची आली. दुसऱ्या दिवशी ती कमरेला वाक बांधून आली. पळसाच्या मुळ्या ठेचून इथे दोर करतात, तो वाक. माझे दोन तुकडे तिने त्याने जोडायला घेतले. आता आपलं पांढरं जाळं मधोमध तांबूस दिसतं. माशाला ही पोरं मीन म्हणतात, आपल्या पंचांगातल्यासारखंच. पाण्याला येर. मी एक शब्द चुकीचा म्हटला तर सगळी खदखदून हसली. आजी, ती हसतात! या शाळेत मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

मी लालसूला म्हटलं, विचार तिला, इतके दिवस ही गप का होती? सोमारीने मान वर न करता काही सांगितलं. लालसू सांगायला कचरत होता. मग म्हणाला, "बाई, ती म्हणते, तू दारात उभी राहून भेत होती. सारखी रस्त्याकडे पाहत होती. आम्हाले वाटलं काही तरी येऊन राह्यलं आहे. म्हणून आम्ही बी भेत होतो."

मी दिवाळीपासून ज्याला दागिना समजत होते तो हा. तुझंच खरं निघालं. मला रडू आलं, पण ते शिव्यांचं रडू नव्हतं. त्यांची दया आली, आणि त्यांच्याबरोबर माझीही थोडी आली. बिचारी दारात उभी राहून कुणाची वाट पाहत होती?

तपासणीचं कळलं. संक्रांतीच्या आठवड्यात. भीती गेली असं लिहिणार नाही. काल चिठ्ठी वाचली तेव्हा हात पुन्हा ओला झाला. तू सांग, साहेब यायच्या दिवशी जाळं लपवून ठेवू का? शाळेत जाळं पाहून ते काय म्हणतील?

तुझी रंभा

*

सावरटोला
पौष, सकाळी विस्तो पेटवल्याशिवाय बोटं चालत नाईत

रंभे,

लपवू नोको.

हे आधी लिहिलं, म्हणजे कागद संपला तरी भेव नाई.

सोमारीले माझा आशीर्वाद. तिनं पळसाचा वाक लावला, आपण सूत लावतो. पाण्याले काय फरक पडते? मासोळीले तर त्याहून नाई.

इथली गंमत सांगते. तुझा डोमाकाका परवा तणतणत आला. मूलच्या पाहुण्याईनं निरोप धाडला होता, हो का नाई सांगा. म्हणे, "माय, बस झालं आता. मी जातो अन् पोट्टीले घेऊन येतो. तपासणीत ततपप होईन अन् साऱ्या मुलुखात नाव जाईन." मी जाग्यावरून हलली नाई हे पाहून म्हणे, थांब, जेवतो अन् मंग तुले सांगतो. त्याचा राग असाच आहे, जेवल्यावर चढते. तो हात धुवायले गेला तेवढ्यात मी घरातले सारे जाळे काढले अन् पसरले. सपरीत मोठं जाळं, आंगणात पाण्यात फेकायचं ते, चुलीपाशी झिंग्याचं बारीक, खाटेवर फाटकं. पाय ठेवायले जागा ठेवली नाई. डोमा जेवून उठला, तोंड उघडलं, खाली पाह्यलं. दुसरीकडे गेला, तिथी बी जाळं. खाट पाह्यली. मले म्हणे, "माय, हे काय लावलं?" म्हटलं, "ऊन दाखवून राह्यली." म्हणे, "घरात?" म्हटलं, "तुले काही रागवायचं असन तर रस्त्यावर जा, तिथी जाळं नाई."

गेला ना बाप्पा! मधातच रस्त्यावर उभा राहून ओरडू लागला, "पोट्टीले घेऊन येईन!" तिकडून शेजारची रंगारीण चालली होती, ते म्हणे, "काऊन भाऊ, कोणाची पोट्टी हरवली?" परत आला, दाराच्या बाहेर बसला. मले त्याची बी दया आली. भाऊ गेल्यापासून पुतणीची जबाबदारी त्याच्या डोक्यावर आहे, दूर जंगलात पोट्टी एकटी आहे, त्याले बी रात रात धडधड होत असन, फक्त त्याची धडधड तोंडातून निंघते. म्हटलं, "बाबा, आत ये, गूळ खा. तपासणी होऊ दे. तोपर्यंत ना तू जाशीन ना मी हो म्हणीन." गूळ खाल्ला. हो बी म्हटलं नाई, नाई बी म्हटलं नाई. पण पाहुण्याईले अजून उत्तर गेलं नाई, हे मी पाहून आहे.

आता साहेबाचं. साहेब कोठून येईन? आलापल्लीहून बैलगाडीत. थंडीचा. हाडं खिळखिळी झाली असन, वाघाच्या वाटेनं आला म्हणून आतून भेला असन, अन् साहेब आहे म्हणून ते सांगता येणार नाई. तर त्याले आधी पाहून घे. मनात म्हण, याच्या घरी बी कोणी वाट पाहत असन, याले बी सुखानं झोप लागो. खोटं म्हणू नोको, दिसन तेवढंच म्हण. पण दया करायची म्हणजे खाली मान घालायची नाई हो! सासूनं मले दया शिकवली, मान घालणं शिकवलं नाई, तिले स्वतःलेच येत नोयतं.

काटा आला तर येऊ दे. बोटाखाली गाठ धर.

गोकुळा आजी

*

बोरीगुडा
१७ जानेवारी १९५८

माझी आजी,

झाली तपासणी. जसं झालं तसं सांगते.

साहेब सांगितल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच आले, सकाळीच, शाळा भरायच्या आधी. आम्ही सगळे पडवीत जाळं पसरून भोवती बसलो होतो. मी लपवणार नव्हतेच, पण आवरणार तरी होते. वेळच मिळाला नाही. गाडी थांबली, साहेब उतरले ते थेट पडवीवर चढले, बुटांसकट जाळ्याच्या मधोमध आले आणि ओरडले, "ही शाळा आहे की मासळीबाजार? कोण आहे मास्तरीण?"

आजी, काटा आला. पूर्वीसारखाच आला, तेवढाच मोठा. पोरं एकदम गप झाली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आलास, बस. बोटाखाली गाठ होती, वाकाची, खरबरीत. मी तिच्यावरून बोट फिरवत राहिले आणि साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या पापण्यांवर धूळ होती. मफलर कानावरून सुटलेला. ओठ थंडीने फुटलेले. तू लिहिलं होतंस तसाच माणूस. मी उठून उभी राहिले आणि तोंडातून निघालं,

"साहेब, आधी जाळ्यावरून उतरा."

"काय?"

"आमच्यात जाळ्यावर उभं राहून कोणी कोणावर रागवत नाही. बाजूला या, मग पाहिजे तेवढं रागवा. मी इथेच आहे, कुठे जात नाही."

माझाच आवाज होता. मी तो ऐकत होते. लालसूने डोळे मिटून घेतले.

साहेब तरातरा उतरायला गेले तर बुटाच्या खिळ्यात जाळं अडकलं. त्यांनी पाय झटकला. आणखी अडकलं. मी म्हटलं, "ओढू नका साहेब, ओढलं की जास्त गुंततं." त्यांना एका पायावर उभं राहावं लागलं, पडवीचा खांब धरून. एका पायावर उभं राहून रागवता येत नाही हे मी त्या दिवशी पाहिलं. सोमारी त्यांच्या बुटापाशी बसली आणि एकेक गाठ सोडवू लागली, कसलीही घाई नाही, जसं काही रोजच साहेबांचे बूट येतात. साहेब वर छपराकडे पाहत होते, मग खाली तिच्या बोटांकडे पाहू लागले. त्यांचा श्वास खाली बसत गेलेला मला ऐकू आला. पाय सुटला तेव्हा त्यांनी नुसतं "हं" म्हटलं. मी तुंब्यातलं पाणी दिलं. सगळं प्यायले.

मग बाजूला उभं राहून रागवले. तुला वाटेल रागवले नाहीत, तर तसं नाही. चांगलं रागवले. शिस्त नाही, शाळेची शोभा नाही, वरून मलाच हुकूम करता. मी ऐकून घेतलं. हात कोरडे होते. मग वर्ग घ्यायला सांगितला. मी नदीचा धडा घेतला. पोरांनी एकाच वेळी उत्तरं दिली, अर्धी मराठीत, अर्धी त्यांच्या भाषेत, एक जण तर उठून मासा कसा उडी मारतो ते करून दाखवू लागला. साहेबांनी दोनदा टेबल वाजवलं.

शेवटी विचारलं, "हे जाळं उद्यापासून बंद कराल ना?"

मी म्हटलं, "नाही साहेब. शाळा भरायच्या आधी चालू राहील."

"लेखी द्याल?"

दिलं. त्यांच्यासमोर बसून लिहिलं आणि सही केली. रंभा, पूर्ण नाव. पूर्वी तेच तोंडातून निघालं नव्हतं.

त्यांनी शेरा लिहिला: "वर्गात गोंगाट फार. शाळेत जाळे आणणे गैर." नेमणूक पुढच्या दिवाळीपर्यंत वाढवली आहे, मग पुन्हा तपासणी. कायम केलं नाही. काढलंही नाही. गाडीत बसताना म्हणाले, "पुढच्या वेळी मीच येईन." मला धमकी वाटली. पण मग ते हातातल्या दोऱ्याकडे पाहत होते. त्यांच्या बुटातून निघालेला वाकाचा तुकडा होता तो. त्यांनी टाकला नाही, बोटाला गुंडाळत राहिले. गाडी मोहाच्या पलीकडे वळेपर्यंत गुंडाळतच होते.

आता काकाचं तू पाहा. मी येत नाही.

तुझी रंभा

*

सावरटोला
तिळगूळ संपला, माघ लागाले आला

माझ्या रंभे, माझ्या वाघिणी,

गोंगाट फार! मी हे दोन शब्द साऱ्या टोल्यात सांगत फिरली. रंगारणीले सांगितलं, पाटलाच्या सुनेले सांगितलं, नागभीडले जाऊन मनसाराम बाबूले सांगितलं, का माझ्या नातीच्या वर्गात गोंगाट फार आहे, सरकारनं लिहून दिलं. तो म्हणे, बाई, ही काही चांगली गोष्ट नोहे. म्हटलं, बाबू, तुले लेकरं नाईत म्हणून तुले समजत नाई, अन् त्याले लगेच झिंगे देऊन टाकले, का मी उगाच त्याच्या जिवाले लागन असं बोलली.

तुझं पत्र डोमाले मी मोठ्यानं वाचून दाखवलं. हाव, दाखवलं. आता लपवायसारखं काय आहे त्यात? तो सपरीत उभा राहून आईकत होता. "आधी जाळ्यावरून उतरा" हे आलं तवा म्हणे, "परत वाच." परत वाचलं. म्हणे, "साहेबाले म्हटलं?" म्हटलं, "साहेबाले." म्हणे, "अन् तो उतरला?" म्हटलं, "उतरला, पण बूट अडकला." तर डोमा हासाले लागला. इतका हासला का खाली बसला, अन् बसला तो नेमका जाळ्यावर. तिथीच बसून त्यानं फाटका कोपरा मांडीवर ओढला अन् सुई मागितली. लई दिवसांनी त्याच्या हाती सुई पाह्यली. मी काही बोलली नाई, सासूकडून शिकली ना मी.

सांज व्हायच्या आधी आपल्या टोल्यातल्या मुखरूभाऊचा माणूस मूलले चालला होता. डोमानंच त्याले हाक मारली. म्हणे, पाहुण्याईले सांगजो, आमची पोट्टी कामावर आहे. एवढंच. मले वाटलं पुढं काही जोडन. नाई जोडलं.

दिवाळीपर्यंतच ठेवलं तर ठेवू दे. दिवाळी काय, दरवर्षीच येते. काटा बी येईन अधनंमधनं. त्याले जागा माहीत झाली आहे. बसू देजो.

आता मुख्य गोष्ट, अन् यावेळेस मी कोरा कागद बाजूले ठेवला आहे. सोबत एक पार्सल येऊन राह्यलं. वास आला तर भेऊ नोको. त्यात माझ्या हातानं चांगला गुंतवलेला जाळ्याचा तुकडा आहे, लहानसाच, खिशात मावन असा. डोमानं बी दोन गाठी मारल्या, म्हणे, माय, या नाई सुटणार त्याले.

तो तुझ्यासाठी नोहे. दिवाळीले साहेब येईन, तवा त्याले देजो. म्हणजो, आजीनं धाडला. रोज सकाळी थोडा सोडवायचा, ओढायचा नाई. अन् कापला तरी चालते, मंग सोमारीले म्हणजो, वाक लावून दे.

तुझी आजी,
गोकुळा

हा शेवटचा ‘ळ’ पाह्य. सरळ आला.